जर्नलवरची सही

सायन्सच्या मुलांना प्रॅक्टिकल परीक्षेला बसायचं तर सर्टिफाय केलेलं जर्नल लागतं. जर्नल म्हणजे प्रयोगवही. प्रत्येक प्रयोगाखाली शिक्षकांची तारखेसह सही आणि सुरुवातीला सर्टिफिकेटचं पान. त्या पानावर विषयशिक्षकाची सही, विभागप्रमुखाची सही आणि कॉलेजचा गोल शिक्का. यातलं एक जरी नसलं तरी बाहेरून आलेले परीक्षक मुलाला टेबलापाशी उभं करत नाहीत. वर्षभर हजेरी भरलेली असो, प्रयोग पाठ असोत, काही उपयोग नाही. लहान कॉलेजात एकेका विभागात दोनच शिक्षक असतात, त्यातले एक विभागप्रमुख. म्हणजे दोन्ही सह्या बऱ्याचदा एकाच माणसाच्या हातात. सह्या प्रयोगशाळेत होतात, शिक्का ऑफिसात. तो शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असतो.

मी सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका तालुक्यात, सीनियर कॉलेजच्या ऑफिसात मुख्य लिपिक आहे आणि अंतर्गत तक्रार समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, शिक्षकेतर सदस्य. तक्रारीतली नावं आणि ओळख पटेल असं काहीही उघड करायला कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून विषय, वर्ष आणि काही तपशील बदलले आहेत. जे घडलं ते तसंच ठेवलं आहे.

मार्च महिना, गुरुवार. सोमवारी टी.वाय. झूलॉजीची प्रॅक्टिकल. शिपाईकाकांनी जर्नलांचा गठ्ठा आणून ठेवला. मी रोल नंबर लावून एकेकावर शिक्का मारत गेले आणि एक जर्नल कमी निघालं. ते नेमकं वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचं. तिच्या आकृत्या आमच्याकडे सगळ्यांना माहीत. खेकड्याचे पाय सांध्यांसकट काढायची, एचबी पेन्सिलीने, कुठे खोडल्याची खूण नाही. तिचं एस.वाय.चं जर्नल विभागाने पुढच्या मुलांना दाखवायला ठेवून घेतलं होतं.

बाराच्या सुमाराला ती स्वतःच खिडकीशी आली. हातात अर्ज. ‘घरगुती अडचणीमुळे मी या सत्राची परीक्षा देऊ शकत नाही.’

“जर्नल खंय तुझा?” मी विचारलं.

“सरांकडे. सही व्हायची आहे.”

“मग घेऊन ये जा. अजून वेळ आहे.”

ती हलेना. मग म्हणाली, “सर सहानंतर लॅबमध्ये बोलावतात. एकटीला.” तिच्या गावची शेवटची एसटी पावणेसहाला सुटते, हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं.

मी तिला रेकॉर्ड रूममध्ये नेलं. ऑफिसात दार लागणारी तेवढीच एक खोली. तिने मोबाइल पुढे केला. रात्री अकरा-साडेअकराचे मेसेज. सुरुवातीला अभ्यासाचे, मग फोटोचे, मग कपड्यांचे, आणि शेवटी ‘जर्नल पाहिजे ना?’ आदल्या आठवड्यात लॅबमध्ये काय झालं ते तिने खाली बघत सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

तक्रार तिने तिथेच लिहिली. बाहेरच्यांना वाटतं, मुलीने तोंड उघडलं की काम झालं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. लैंगिक छळविरोधी कायद्याच्या 2013 च्या नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती लागतात, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं. आमच्या गावात झेरॉक्सची दुकानं दोन. एक सरांच्या चुलतभावाचं. दुसऱ्या दुकानात कागद काचेवर ठेवायच्या आधी वाचायची पद्धत आहे. मी शिपाईकाका जेवायला गेल्यावर ऑफिसच्या मशीनवर प्रती काढल्या आणि मशीनच्या मेमरीत काही राहिलं नाही ना, ते बघितलं. मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख आणि वेळ दिसेल असे छापले. तक्रार सर्वसाधारण आवक रजिस्टरला घेतली नाही, कारण ते रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असतं आणि येणारा जाणारा चाळतो. त्यासाठी वेगळी वही आहे, कुलपात. पहिल्या पानावर समिती स्थापन झाल्याची नोंद आणि पुढे सगळी कोरी पानं. दरवर्षीच्या अहवालात आम्ही तक्रारींच्या रकान्यात ‘निरंक’ लिहून पाठवत आलो. मूल्यांकनासाठी समिती येते तेव्हा हाच निरंक मोठ्या कौतुकाने दाखवला जातो. मला ते कधीच पटलेलं नाही. शेकडो मुली शिकतात तिथे वर्षानुवर्षं एकही तक्रार येत नसेल, तर मुलींना दार सापडत नाही एवढाच त्याचा अर्थ.

तिची आई काजूच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळी ती थेट तिथूनच आली. काजूगर सोलून, टरफलाचं तेल लागून तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती. तिने एकच विचारलं, “मॅडम, ह्या कागदार माझ्या चेडवाचा नाव आसा. ह्यो कागद खंय खंय जातलो?” मी तिला एकेक जागा मोजून सांगितली. समितीचे सदस्य, ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, आणि शेवटी प्राचार्य आणि संस्था. इतर कुणी नाही. ती गप्प राहिली. मग म्हणाली, “संस्था म्हंजे गावच मां?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संस्थेच्या कार्यकारिणीवर गावातलीच माणसं आहेत, आणि सर त्यांच्याच नाट्यमंडळाचे चिटणीस.

प्राचार्य मुळात वाईट माणूस नाहीत. पण त्यांना आवाज नको असतो. “परीक्षा होऊन जाऊ दे, मग निवांत बघू. मी त्यांना समज देतो, जर्नल मिळेल,” असं म्हणाले. तासाभरात संस्थेतूनही फोन आला की घरातली गोष्ट घरात मिटवा. समेट कायद्यात आहे, पण तो मुलीने स्वतः मागितला तरच, आणि पैशाची देवघेव करून तो होत नाही. तिने मागितलेला नव्हता.

शुक्रवारी समिती बसली. आमच्या अध्यक्षबाई सालस आहेत, कायदा त्यांनी वाचलेला आहे, पण निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत आणि संस्थेशी वाकडं घ्यायचं त्यांच्या जिवावर येतं. प्रकरण विद्यार्थिनीचं असलं की समितीवर 3 विद्यार्थी प्रतिनिधी लागतात, तेही निवडून आलेले. आमच्याकडे ती निवड खरोखर झाली होती, हे माझ्या आग्रहामुळे. बाहेरच्या सदस्य म्हणून ज्या ताई आहेत, त्या महिला संस्थेचं काम करतात. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालाच्या आधीपासून त्या बायकांच्या प्रश्नांवर फिरत आहेत. पहाटेची एसटी आणि पुढे सहा आसनी रिक्षा करून त्या पोचल्या. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2016 साली राजपत्रात आलेले विनियम काढले आणि अंतरिम उपायांचं पान उघडून अध्यक्षबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

चौकशी पूर्ण व्हायला 90 दिवस असतात. प्रॅक्टिकल सोमवारी होती. चौकशीतून तिला न्याय मिळेपर्यंत तिचं वर्ष गेलंच असतं. पण त्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे की समितीच्या शिफारशीवरून, चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचं किंवा परीक्षेचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं. त्याला अंतर राखायची ताकीद देता येते. मुलीला 3 महिन्यांपर्यंत रजा देता येते. यातलं काहीही दोष सिद्ध होण्यावर अवलंबून नाही. आमच्या कॉलेजात लावलेल्या समितीच्या फलकावर नावं आहेत, फोन नंबर आहेत, शिक्षेचा इशारा आहे. मुलीच्या खरोखर उपयोगाचं हे कलम मात्र नाही. इतर कॉलेजांतले जे फलक मी पाहिले त्यांच्यावरही नाही.

शिफारस लिहून झाली. अंमल प्राचार्यांनी करायचा. ते म्हणाले, “दुसरं कोण सही करणार? विभागात आहे कोण?”

विभागात होती ती एक तासिका तत्त्वावरची मॅडम. दोन वर्षांपूर्वी एम.एस्सी. झालेली. तासाच्या हिशेबाने पैसे, तेही महिनोन्महिने उशिरा. पुढच्या वर्षी तिला तास मिळणार की नाही, ते विभागप्रमुखांच्या, म्हणजे सरांच्याच, शेऱ्यावर. शनिवारी तिला बोलावलं. अध्यक्षबाईंनी नाव न घेता एवढंच सांगितलं की समितीच्या सूचनेवरून एक जर्नल तुम्हाला तपासून द्यायचं आहे. ती काय समजायचं ते समजली. जर्नल सरांकडून प्राचार्यांनी मागवून घेतलं होतं. ती ऑफिसात माझ्या टेबलाशी बसली आणि प्रत्येक प्रयोग वाचत गेली. नुसत्या सह्या ठोकल्या नाहीत. एका ठिकाणी मुलीकडून निरीक्षणाचा तक्ता अपुरा राहिला होता, तो पूर्ण करून घेतला आणि मग सही केली, त्या दिवसाची खरी तारीख घालून. मागची तारीख घाला, असं कुणीतरी सुचवलं होतं. ती नाही म्हणाली. विभागप्रमुखाच्या जागी प्राचार्यांनी सही केली. मी शिक्का मारला. ज्यांची नोकरी कायम, पगार पक्का, अशा कितीतरी लोकांनी त्या आठवड्यात माझ्याशी नजर चुकवली. त्या मुलीला वाचवलं ते जिच्याकडे स्वतःचं काहीच पक्कं नव्हतं तिने.

सोमवारी परीक्षा झाली. सरांना त्या दिवशी प्रयोगशाळेबाहेरचं काम दिलं होतं.

पुढे चौकशी. तक्रारीची प्रत 7 दिवसांत त्यांना द्यायची, उत्तराला 10 दिवस द्यायचे. सरांना वकिलीतल्या मेव्हण्याला सोबत आणायचं होतं. समितीपुढे वकील चालत नाही, हे त्यांना लेखी कळवलं. मग गावात शिमग्याचा मान आहे म्हणून तारीख मागितली. ताई म्हणाल्या, द्या. मी चिडले. लागोपाठ 3 सुनावण्यांना आले नाहीत तर एकतर्फी पुढे जाता येतं, मग लाड कशाला? ताईंनी शांतपणे गोवा विद्यापीठाचं प्रकरण सांगितलं. 2009 साली एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली, त्यांना बडतर्फ केलं गेलं. आणि 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं, कारण समितीने घाई केली, बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही. चौदा वर्षांनी मुलींनी पुन्हा तिथेच यायचं. “आपल्या अहवालात एक भोक राहिलं तर त्यातून हा सगळा पसारा वाहून जाईल,” ताई म्हणाल्या. लैंगिक छळाबाबतच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं आहे की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल धरायचा. म्हणजे आम्ही कच्चं काम केलं तर पुढे कुणी ते पक्कं करून देणार नाही.

तेव्हापासून मी इतिवृत्त लिहायची पद्धतच बदलली. प्रत्येक बैठकीचं त्याच दिवशी, पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर हजर सदस्यांच्या सह्या, दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच. सरांचे प्रश्न लेखी घेतले आणि अध्यक्षबाईंनी ते मुलीला विचारले, दोघांना समोरासमोर बसवलं नाही. स्टाफरूममध्ये एव्हाना दोन तट पडले होते. एकजण मला म्हणाले, “हल्लीच्या पोरी मेसेजना उत्तर देतात आणि मग रडतात.” तिने उत्तरं दिली होती. ‘हो सर’, ‘ठीक आहे सर’. ज्याच्या हातात जर्नल आहे त्याला मुलगी दुसरं काय लिहिणार?

अहवाल मुदतीत गेला आणि संस्थेने तो स्वीकारला. त्यात काय होतं ते सांगता येत नाही. मुलगी पास झाली, आता बाहेरगावी शिकते.

माझ्या डोक्यातून जात नाही ती दुसरीच मुलगी. चौकशी चालू असताना मी मागच्या वर्षांच्या फाइली काढल्या. प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळण्याचे अर्ज. कारण सगळीकडे ‘घरगुती अडचण’. अर्ज सगळे मुलींचे, आणि ज्या बॅचमधून बाहेर पडायचं ती बॅच तीच. त्यातल्या एकीशी ताईंनी गाठ घालून दिली. तिचं लग्न होऊन ती देवगडकडे गेली आहे. तिच्या बाबतीत घडलं ते दोन वर्षांपूर्वी. तक्रार 3 महिन्यांत करायची, कारण पटलं तर समिती आणखी 3 महिने वाढवून देते. त्यापुढे आमचे हात बांधलेले. साक्षीदार म्हणून ये, म्हटलं. पोलिसांची वाट वेगळी आहे, तिथली मुदतही वेगळी, तेही सांगितलं. सासरच्या पत्त्यावर कागद येईल म्हणून तिने दोन्ही नाकारलं.

ज्या माणसाच्या हातात पदवीपर्यंत तुमचे गुण आहेत, त्याच्याविरुद्ध पदवी हातात पडायच्या आत तक्रार करा, असं ही मुदत सांगते. मुलगी मोकळी होते ती निकाल लागल्यावर, आणि तोवर बऱ्याचदा मुदत संपलेली असते. हा नियम केला त्यांच्यासमोर विद्यार्थिनी होती, असं मला वाटत नाही.

अहवाल गेल्यावर देवगडकडच्या त्या मुलीचा फोन आला. “त्यांचं काय झालं?” ती तक्रारदार नाही, साक्षीदारही नाही, म्हणून तिला काहीच सांगता आलं नाही. तिने ते समजून घेतलं. काही दिवसांनी माहेरच्या नावाने दोन पानी पत्र आलं, सगळं तारखेसह लिहिलेलं. शेवटी ‘कारवाई नको, फाइलला ठेवा’. मुदतीबाहेरचं, म्हणून ते तक्रार ठरत नाही. ताईंचं म्हणणं, ठेवा, उद्या आणखी कुणी आली तर उपयोगी पडेल. अध्यक्षबाईंना वाटतं की सरांना न कळवता त्यांच्याविरुद्ध कागद ठेवणं गैर आहे, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. पत्र सध्या कुलपातल्या वहीत आहे, त्याला अजून क्रमांक दिलेला नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मी तो विषय घेतला आहे.