दादाच्या ऑफिसला केलेले फोन

सकाळी दादाच्या ऑफिसात फोन करायचं काम माझ्याकडे होतं. "ताप आहे", "पोट बिघडलंय", "पाठ धरलीय". कोणत्या महिन्यात कोणतं दुखणं सांगितलं ते विसरू नये म्हणून मी डायरीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवायचे. वहिनी बाटल्या शोधायची, आई पैसे लपवायची, मी खोटं बोलायचे. आम्ही तिघी त्याला सावरतोय असं मनापासून वाटायचं.

मग एकदा त्याने आईची शपथ घेतली आणि आम्ही त्याला घरात ठेवून दारू एकदम बंद केली. आमच्या हातून झालेली सगळ्यांत मोठी चूक ती. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, घाम फुटत होता, पोटात काही ठरत नव्हतं. होणारच थोडा त्रास, असं आम्ही एकमेकींना समजावलं. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून काहीतरी वेचायला लागला. एकेक मुंगी चिमटीत धरून अलगद बाजूला ठेवावी तसं. चादरीवर काहीही नव्हतं. वहिनीकडे बघून त्याने विचारलं, "तुम्ही कोण?"

दवाखान्यात कळलं की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी तोडायची नसते. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हा भ्रम, डिलिरियम ट्रेमेन्स, जिवावर बेतू शकतो. त्याला शांत करणारी औषधं सुरू करून डोस हळूहळू कमी केला, आणि ग्लुकोज देण्याआधी बी१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं. आणखी थोडा उशीर केला असता तर काय झालं असतं, हा विचार मला आजही झोपू देत नाही.

कुणीतरी आईला सुचवलं होतं, डायसल्फिरामची गोळी गुपचूप खाण्यात मिसळा, आपोआप सुटेल. डॉक्टरांनी निक्षून नाही म्हटलं. ती गोळी पोटात असताना प्यायलं तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो. माणसाला माहीत असेल आणि त्याची तयारी असेल तरच ती द्यायची. ज्या घरात असा सल्ला मिळाला असेल, त्यांनी कृपा करून ऐकू नका.

समुपदेशक बाईंनी मला एकच विचारलं, "फोन तुम्ही का करता?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्याच सांगण्यावरून मी अल-अनॉनच्या मीटिंगला गेले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ मध्ये सुरू झालं ते पिणाऱ्यांसाठी. अल-अनॉन १९५१ पासून आहे ते आमच्यासारख्या घरच्यांसाठी. तिथे पहिल्यांदा ऐकलं: हा आजार मी लावला नाही, तो माझ्या ताब्यात नाही, तो बरा करणं माझ्या हातात नाही. पहिलं वाक्य ऐकून रडू फुटलं. दुसऱ्याचा राग आला. तिसरं पचायला कित्येक महिने गेले.

दादा शुद्धीत असताना, सकाळच्या वेळी, मी त्याला सांगितलं, "तुझ्याबरोबर दवाखान्यात येईन, मध्यरात्री हाक मारलीस तरी उठेन. पण ऑफिसला फोन करणार नाही." वहिनीनेही तिचं ठरवलं: प्यायलेला असेल तर मुलं त्याच्या गाडीवर बसणार नाहीत. तिने आवाज न चढवता सांगितलं, आणि पाळलं.

पाच महिन्यांनी तो पुन्हा प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखा फोन माझ्यापुढे धरला. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले. असा निर्दयपणा आपल्याला कसा जमतोय, असं वाटत होतं. बऱ्याच वेळाने त्याने स्वतः नंबर लावला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, आत निघून गेले. संध्याकाळी तो आपणहून त्याच्या मीटिंगला गेला. सगळं पाण्यात गेलं असं मला वाटत होतं, बाई म्हणाल्या, "घसरणं या आजारात होतंच. तो दुसऱ्याच दिवशी परत आला, हे बघा."

त्याला आता चौदा महिने झाले. त्याचा ग्लास धुवायला घेताना मी अजून नाकाजवळ नेते. परवा त्याने ते पाहिलं. "घे वास, मला राग नाही," म्हणाला, आणि दुसराही ग्लास माझ्याकडे सरकवला.