इंटर्नशिपमध्ये छाप कशी पाडायची?

लॉच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं भेटली की हमखास विचारतात, "मॅडम, मुंबईत मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप मिळालीय, छाप कशी पाडू?" नाशिक, कोल्हापूर, नांदेडहून पहिल्यांदाच फोर्टात, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या हायकोर्टाजवळच्या भागात, येणाऱ्यांच्या मनात इंग्रजीची धास्तीही असते. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

पांढरा शर्ट, काळी पँट, वेळेच्या आधी जागेवर. हे पाळाच, पण सगळेच पाळतात, त्यामुळे त्याने कुणी लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो इंटर्न, ज्याच्या कागदावर सीनियरला डोळे मिटून विसंबता येतं.

आता हे बघा. कोर्टात जायच्या घाईत कुणीतरी सांगून जातं, "482 वरचे हायकोर्टाचे निकाल काढून ठेव." 1 जुलै 2024 च्या आधी याचा अर्थ एकच होता: फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 482, म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, बहुतेक वेळा एफआयआर रद्द करण्यासाठी वापरले जाणारे. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते अंगभूत अधिकार गेले 528 मध्ये. जुनी प्रकरणं अजून चालू असल्यामुळे दोन्ही आकडे रोज कानावर पडतात. जी मुलगी सीनियर दाराबाहेर पडायच्या आत विचारते, "सर, जुनं 482 की नवं?", तिने स्वतःची अख्खी दुपार वाचवलेली असते, आणि सीनियरला कळलेलं असतं की हिला कायदा माहीत आहे. प्रश्न विचारला तर आपण कच्चे ठरू, ही भीती मनातून काढून टाका.

नोट लिहाल तेव्हा उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या. निकाल कोणत्या कोर्टाचा, किती न्यायमूर्तींच्या पीठाचा, पुढे वरच्या कोर्टाने तो फिरवला का, आणि मुद्दा कितव्या परिच्छेदात आहे, एवढं हवंच. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, वाचून निकाल वाचल्याचं समाधान मानू नका. चॅटजीपीटीने दिलेला निकाल तर मूळ प्रत उघडून पाहिल्याशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी असे अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले आणि कोर्टाने त्यांना 5,000 डॉलरचा दंड केला. शोधूनही काही सापडलं नाही, तर कुठे कुठे शोधलं ते लिहून तसं सांगा. मला अशी नोट फार मोलाची वाटते.

आता इंग्रजीचं. मसुदे इंग्रजीतच असतात, सराव करावाच लागेल. पण जमिनीच्या व्यवहारांची टायटल (मालकी हक्काची) तपासणी करणाऱ्या टीममध्ये सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखतं असे मराठी कागद गठ्ठ्याने येतात. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात कधी कधी 'कुळकायदा कलम 43 चे बंधनास पात्र' अशी एक ओळ असते. म्हणजे ही जमीन कुळाला कायद्याने मिळालेली, आणि ती विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. 2014 च्या दुरुस्तीनंतर 32म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन खरेदी केल्याच्या दाखल्याला) दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून त्या परवानगीशिवाय विक्री करता येते. त्या एका ओळीवर कोट्यवधींचा सौदा अडू शकतो. ज्याच्या घरी सातबारा असतो, तलाठ्याकडे खेपा घातलेल्या असतात, त्याची नजर तिथे आधी जाते. मग तो फेरफार क्रमांक काढायचा, प्रमाणपत्राची तारीख शोधायची आणि दोन ओळींत लिहून द्यायचं. त्यातलं इंग्रजी साधं असलं तरी कुणाला खटकणार नाही.

फर्मच्या क्लार्कशी ओळख ठेवा. फायलिंगला कोणतं ऑब्जेक्शन का निघतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि आदराने विचारलं तर ते मनापासून शिकवतात. अशिलाचं नाव मात्र लोकलमध्ये, व्हॉट्सॲपवर किंवा लिंक्डइनवर कधीही काढायचं नाही. या एका गोष्टीला माफी नाही, आणि ती नसावीच असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे इंटर्नशिप करावी लागते. ते सगळे आठवडे मोठ्या फर्मच्या मागे घालवू नका. एक सुट्टी आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात, एखाद्या दिवाणी वकिलांकडे काढा. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, उलटतपासणी होते, दस्ताला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडते, हे तिथे रोज बघायला मिळतं. फोर्टातल्या कॉर्पोरेट टीममध्ये ते वर्षभरातही दिसायचं नाही, आणि मुलाखतीत तुम्ही त्याबद्दल बोलू लागलात की समोरचे लोक कान देऊन ऐकतात.