पुण्यातला मधला थांबा: कॅमेरा बॅगेत, वही हातात

नागपूर–कोची तिकीट काढताना पुण्यात पाच-साडेपाच तास थांबा असलेलं मुद्दाम निवडलं. घरी सांगितलं की स्वस्त पडतं. (पडलंही, त्यामुळे खोटं बोललो असं कुणी म्हणू नये.) खरं कारण स्पॉटिंगचं, म्हणजे विमानं बघून ओळखायच्या छंदाचं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. यंदा फोटो वाढवण्यापेक्षा ओळख पक्की करायची, असं ठरवलंय. अ‍ॅप न उघडता, शेपटीवरचा रंग न बघता विमानाचा प्रकार आणि शक्य तर इंजिनही सांगता आलं पाहिजे. त्या अभ्यासाला लोहगावसारखी, म्हणजे पुण्याच्या विमानतळासारखी, जागा नाही, कारण इथे कॅमेरा काढताच येत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: हा तळ १९३९ साली ब्रिटिशांनी मुंबईच्या संरक्षणासाठी उभारला आणि आजही तो हवाई दलाचाच आहे. आपण प्रवासी म्हणजे त्यांच्या अंगणातले पाहुणे. चाकं टेकली की केबिनमध्ये घोषणा होते की हा संरक्षण दलाचा विमानतळ आहे, छायाचित्रणाला मनाई आहे. ‘मोबाइलवर एखादा काढला तर काय होतंय’ हे डोक्यातून काढून टाका. २०१० साली दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलच्या खोलीतून विमानं टिपणारे आणि रेडिओवरचं संभाषण ऐकणारे दोन ब्रिटिश स्पॉटर पकडले गेले होते. दोन महिने अडकून पडले बिचारे. आणि दिल्ली तर नागरी विमानतळ.

चिडचिड होते ती उजेडामुळे. टर्मिनल धावपट्टीच्या दक्षिणेला आहे. म्हणजे काचेपाशी उभं राहिलं की तोंड उत्तरेला, सूर्य पाठीशी, आणि समोरचं प्रत्येक विमान लख्ख उजळलेलं. गणपती नुकतेच झालेले, पावसाने उघडीप दिलेली, हवा धुतल्यासारखी स्वच्छ. हात नुसते शिवशिवत होते. बॅगेची चेन मात्र उघडली नाही.

वारा पश्चिमेचा, त्यामुळे धावपट्टी २८ चालू होती, म्हणजे विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरत-उडत होती. वाघोलीच्या बाजूने उतरायचं आणि टिंगरेनगरच्या बाजूने उडायचं. धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची, म्हणून रोजच्या वेळापत्रकात मोठी, दोन बोळांची विमानं नाहीत. सगळा मामला एअरबस ए३२०, बोइंग ७३७ आणि बाहेर पंखे असलेल्या छोट्या एटीआरचा. कंटाळवाणं वाटेल, पण ओळख पक्की करायची तर सारख्या दिसणाऱ्या विमानांतच ती करावी.

तर इंजिनं. आमचं विमान टर्मिनलपासून दूरच्या बेवर (उभं करायच्या जागेवर) लागलं, बसने आणलं. बसमध्ये चढण्याआधी शेजारी एक जुनं ७३७-८०० उभं होतं, इंजिन बंद. वाऱ्याने पंखा हळूहळू फिरत होता आणि पाती आपापल्या खाचेत हलून किणकिण वाजत होती, हातभर बांगड्यांसारखी. त्याच्या सीएफएम५६ इंजिनाची ही ओळख मी वाचली होती, कानांनी पहिल्यांदाच ऐकली. बसवाल्याने ‘चला साहेब’ म्हणेपर्यंत हललो नाही.

आत आल्यावर काचेजवळची खुर्ची धरली. विमान नाकासमोर उभं राहिलं की इंजिनाचं तोंड सरळ आपल्याकडे असतं, आणि इथेच पाती मोजायची. ए३२०निओवर, म्हणजे ए३२० च्या नव्या आवृत्तीवर, दोन प्रकारची इंजिनं येतात. प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू११००जीला २० पाती, सीएफएमच्या लीप-१एला १८. जुन्या ए३२० वरच्या सीएफएम५६ ला तब्बल ३६, ती दुरूनही दाट दिसतात. इंडिगोची सुरुवातीची निओ प्रॅटवर आली, मग २०१९ मध्ये त्यांनी पुढच्या २८० विमानांसाठी लीप निवडलं. त्यामुळे एकाच निळ्या शेपटीखाली दोन्ही सापडतात आणि सराव छान होतो. अडचण एवढीच की वारा असला की पंखा फिरत राहतो. उपाय असा: नजर एका पात्यावर न ठेवता आवरणाच्या वरच्या टोकावर, बाराच्या काट्यावर ठेवायची आणि तिथून जाणारी पाती मोजायची. फेरी पूर्ण झाली हे मधल्या शंकूवरच्या पांढऱ्या खुणेवरून कळतं. १८ आणि २० मध्ये गल्लत व्हायला लागली की दोनदा मोजा, चहा घ्या, तिसऱ्यांदा मोजा. शेजारच्या काकूंनी माझं पुटपुटणं ऐकून ‘जप चाललाय का?’ असं विचारलं. हो म्हटलं.

एटीआर दिसलं की मी खुर्ची सोडतोच. फ्लाय९१ कंपनीचं होतं, ७२-६००. पुण्याहून गोवा, सिंधुदुर्ग, जळगाव या त्यांच्या फेऱ्या. एटीआरला शेपटीत एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-हवा पुरवणारं छोटं जादा इंजिन, नसतं. मग जमिनीवर वीज आणि हवा कुठून आणायची? उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवतात. याला हॉटेल मोड म्हणतात. नीट बघा: सहा पाती गप्प उभी आहेत, पण त्याच इंजिनाच्या मागची हवा थरथरतेय. प्रवासी डावीकडून, मागच्या दाराने चढतात, म्हणून उजवं इंजिन चालू ठेवलेलं चालतं. बाहेरून वीजजोडणी दिली असेल तर हे दिसणार नाही. मला दिसलं, आणि दुर्बीण नसतानाही दिसलं.

दुपारी बाहेर पडून विमाननगरला मावशीकडे जेवून आलो. पुन्हा आत येताना सुरक्षा तपासणी होतेच, तेवढा वेळ धरून चाला. काकांना माझा छंद ठाऊक आहे, मान्य नाही.

“फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. मग करतोस काय?”

“बघतो, काका. आणि लिहून ठेवतो.”

“नुसतं बघायला इथे यायचं? अरे, आम्ही तीस वर्षं फुकट बघतोय, आम्हाला कुणी स्पॉटर म्हणालं नाही.”

एवढ्यात ताटातल्या वाट्या वाजायला लागल्या. काकांनी घास हातात धरला, बोलणं थांबवलं, आवाज पार निघून जाईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, “सुखोई. प्रवासी विमान असलं तर टीव्ही मोठा करायचा. हे असलं तर गप्प बसायचं.” ओळखीची इतकी सोपी कसोटी माझ्या वहीत नव्हती. सुखोई-३० आणि लोहगाव यांचं नातं जुनं आहे: १९९७ मध्ये ही विमानं हवाई दलात दाखल झाली ती इथेच, आणि एमकेआय आवृत्तीही २००२ मध्ये इथेच आली. नंतर ती आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनू लागली.

लष्करी विमानांबाबत माझा नियम साधा आहे: वहीत काही नाही. क्रमांक नाही, वेळ नाही, किती होती ते नाही. बघायचं, खूश व्हायचं, सोडून द्यायचं. आपल्यातल्या काहींना हे भित्रेपण वाटतं. वाटू दे. आपल्या छंदाकडे आधीच संशयाने बघतात, त्यात भर कशाला?

बाकी नोंदी भराभर. एअर इंडियाच्या रंगात एक व्हीटी-टीएन मालिकेतलं निओ दिसलं, म्हणजे मूळचं ‘विस्तारा’ कंपनीचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती कंपनी एअर इंडियात विलीन झाल्यावर आता रजिस्ट्रेशनवरूनच त्यांची जात कळते. एअर इंडिया एक्सप्रेसच्या मॅक्सची (७३७ ची नवी आवृत्ती) शेपटी बांधणीच्या नक्षीची असावी, पण अंतर जास्त होतं, म्हणून प्रश्नचिन्हासह लिहिली आहे. नवं टर्मिनल (जुलै २०२४ पासून सुरू) मोकळं आहे. काचेवरच्या प्रतिबिंबाचा त्रास फोटोवाल्यांना झाला असता, आपल्याला नाही.

राहिलं ते अकासा एअरचं. त्यांच्याकडे साधी ७३७-८ आणि ७३७-८-२०० अशी दोन्ही मॅक्स आहेत. ८-२०० ला पंखामागे दोन्ही बाजूंना एकेक जादा दार असतं, बाकी सगळं सारखंच. पण समोरून नाक बघत असताना पंखामागचं दार दिसायचं कसं? एक विमान मागे ढकललं गेलं, वळलं, आणि नेमकं ते दार दिसणार तेवढ्यात पाण्याचा टँकर आडवा आला. कोचीहून परतीचं तिकीटही पुण्यावरूनच आहे. कुठल्या गेटसमोरून टॅक्सीवेची वळणं नीट दिसतात, हे कुणी बसून पाहिलं असेल तर तेवढं सांगा.