तुंबाडचा वाडा, १:२४ : आठवडा सहावा

मंडळी, ‘तुंबाड’ या भयपटातल्या वाड्याची छोटी प्रतिकृती करतोय. भिंती झाल्या, साखळदंडातली म्हातारी जागेवर बसली, आणि विनायकची, म्हणजे सिनेमातल्या पोराची, मूर्ती मात्र तिसऱ्यांदा मोडून परत केली. पोर जेमतेम साडेपाच सेंटिमीटरचं, पण त्यानंच सगळा वेळ खाल्ला.

आधीच्या दोन्ही मूर्तींत तो भिंतीला पाठ लावून उभा होता, हात तोंडावर. भीती छान उतरली होती. तरी वाडा बघताना काहीतरी खटकत राहायचं. शेवटी सिनेमाच्या मुळाशी असलेली भयकथाकार नारायण धारपांची ‘आजी’ ही कथा पुन्हा काढली आणि घोळ कळला: मी सिनेमा करायला बसलो होतो आणि हातून कथा घडत होती.

‘आजी’चं मूळ अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगच्या १९८४ सालच्या ‘ग्रॅमा’ कथेत आहे. भाऊ जखमी होतो, आई त्याच्यासाठी घर सोडते, आणि एक पोर घरातल्या भयंकर म्हातारीबरोबर एकटं उरतं. सिनेमाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वेंनी धारपांची कथा १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली. ‘तुंबाड’ पडद्यावर आला २०१८ मध्ये. पंचवीस वर्षं! नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं, पण त्या कादंबरीत हस्तर, म्हणजे सिनेमातला हावरा शापित देव, शोधू नका.

सिनेमानं कथेचा हा सांगाडा जवळजवळ तसाच उचलला, पण पुढे जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. कथेत संकट पोराकडे चालत येतं. सिनेमात पोरगा वाचतो, पुण्याला जातो, आणि मोठा होऊन आपल्या पायांनी त्याच वाड्यात परत येतो, हस्तरच्या सोन्याच्या मुद्रांसाठी. म्हातारी भुताहून जास्त पुरावा आहे: हावेचं पुढे काय होतं याचा. तो पुरावा डोळ्यांनी बघूनही विनायक येतो, आणि नंतर स्वतःच्या मुलालाही घेऊन येतो.

म्हणून तिसरी मूर्ती वेगळी केली. पाय दाराकडे, एक हात कडीवर, मान मात्र म्हातारीकडे वळलेली. घाबरलेला आहेच, पण काहीतरी विचारायचं राहिलंय त्याचं. मान वळवली त्या क्षणी माजघर जिवंत झालं.

वाडा कशाकशाचा केलाय, असं तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतंत. साखळदंड तुटलेल्या पैंजणाचा, काळा रंग देऊन वर कोरड्या ब्रशनं गंज. अंगणातली माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा, फेव्हिकॉलवर दाबलेला. पावसाच्या धारांना तंगूस लावून पाहिला, फार सरळ दिसतो. सिनेमातला पाऊस खरा आहे, अनेक पावसाळ्यांत चित्रित केलेला, आणि छायाचित्रकार पंकज कुमारांच्या कॅमेऱ्यात तो धारांपेक्षा ओलीतून जाणवतो. तेव्हा तंगूस काढला. भिंतीच्या तळाशी हिरवट काळी ओल चढवली, वर चकचकीत व्हार्निश. आता पाऊस न दाखवताही लागलेला वाटतो.

पुढचा टप्पा गर्भाचा, म्हणजे वाड्याखालच्या हस्तरच्या जागेचा. सिनेमात तिथे त्याला कणकेच्या बाहुलीचं आमिष दाखवतात. त्या बाहुल्या क्लेच्या करणार नाही: हस्तरला सोनं मिळालं पण धान्य नाही मिळालं, त्याची भूक पिठाची आहे. खरी कणीकच हवी. नुसती कणीक वाळताना तडकली. दोन भाग कणकेला एक भाग मीठ घातलेली बाहुली कालपासून खिडकीत वाळतेय, अजून तडा नाही.