पहिल्या मंडळीत कागद होता का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, उपासनाक्रम (कशामागून काय याचा कागद) गेली कित्येक वर्षं मी लावतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी गाठून विचारतंच, "पहिल्या ख्रिस्ती लोकांकडे कुठे छापील क्रम होता? पवित्र आत्मा चालवील तशी त्यांची उपासना व्हायची, मग तुम्ही कागद का धरून बसता?" हे तरुण पोरांचं. वडीलजन उलट्या बाजूने येतात, प्रेषित पौलाने सगळं शिस्तवार करा म्हटलंय ना, मग मध्येच उठून बोलू कसं देता. दोघंही बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा, म्हणजे पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, १४ वा अध्यायच उघडून येतात, याचा मला खरंच त्रास होतो.

करिंथमध्ये छापील काही नव्हतं, कबूल. पौल इफिसहून हे पत्र लिहितो ते साधारण ५५ साली, तेव्हा मंडळ्या घरातच जमायच्या, कुणाकडे स्तोत्र, कुणाकडे शिक्षण, कुणाकडे अन्य भाषा (आत्म्याने भरून इतरांना न समजणारं बोलणं) आणि सगळ्यांचं एकदम सुरू. जेवणाचीही तीच गत, एक उपाशी तर दुसरा प्यायलेला. पण पौल बोलणं बंद करत नाही, पाळी लावतो. अन्य भाषेत दोघं, फार तर तिघं, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहा. मग ३० वं वचन, जे कुणी वाचून दाखवत नाही: बसलेल्या एखाद्याला काही प्रकट झालं तर जो बोलतोय त्याने थांबावं. म्हणजे शिस्त आधी त्याला, ज्याच्याकडे बोलणं आहे.

हे आज लिहितोय. त्या रविवारी कळत नव्हतं.

प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा, रविवार होता, पंधराएक वर्षांपूर्वीचा, बाहेरून पाहुणे पाळक आलेले आणि मी मिनिटं मोजत उभा. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठीच्या, प्रार्थना संपल्या, आता गीत, एवढ्यात मागून तिसऱ्या बाकावरची एक मावशी उठली, दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणारी, लिहिता-वाचता न येणारी. पुढच्या बाकाची पाठ तिने दोन्ही हातांनी धरली आणि नातवासाठी प्रार्थना सुरू केली. तो काही दिवसांपासून घरी आला नव्हता. ती तेच तेच म्हणत होती, मध्ये रडत होती, पदर तोंडाला लावून पुन्हा पहिल्यापासून. तीन मिनिटं झाली असतील. मी पेटीवाल्याकडे बघून मान हलवली. त्याने सूर धरला, लोक गायला लागले आणि तिचं वाक्य "प्रभू, त्याला" इथेच थांबलं. ती लगेच बसली नाही. गीताचं पहिलं कडवं होईपर्यंत तशीच उभी होती, बाक धरून.

नंतर दारात मीच तिला सांगितलं, "मावशी, सगळं शिस्तवार व्हावं असं वचन आहे." ती म्हणाली, "बरं बाळा." वडीलजनांपैकी एक पुढे म्हणाले, बायकांनी मंडळीत गप्प राहावं असंही आहे, आणि मी मान डोलावली. त्याच पत्राच्या ११ व्या अध्यायात बायका प्रार्थना करतात, संदेश देतात हे पौल गृहीतच धरतो, हे मला ठाऊक होतं. तरी डोलावली.

आणि मी शिस्तीचं ४० वं वचन सांगितलं, ३९ वं गाळलं. त्यात अन्य भाषा बोलायला मनाई करू नका असं आहे. ही बाई तर साध्या मराठीत बोलत होती.

ती येत राहिली, वारेपर्यंत. परत कधी उठली नाही.

पण म्हणून कागद फाडा असं मी म्हणणार नाही, आणि इथे पोरांशी माझं भांडण आहेच. डिडाखे नावाचं मंडळीच्या रीतींचं छोटं पुस्तक बरेच अभ्यासक पहिल्या शतकाच्या अखेरीचं मानतात, त्यात प्रभुभोजनाच्या प्याल्यासाठीच्या आणि भाकरीसाठीच्या प्रार्थना शब्दन् शब्द दिल्यात आणि लगेच पुढे, संदेष्ट्यांना मात्र हवे तितके उपकार मानू द्या. त्याच्या पुढच्याच अध्यायात फिरता प्रेषित तीन दिवस राहिला तर खोटा, आत्म्यात येऊन स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचं ऐकू नका. पोळलेल्या लोकांचे नियम आहेत हे! १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रोममधली उपासना सांगतो, त्यात वाचन, बोध, भाकर-प्याला सगळं क्रमाने, पण पुढे असलेला माणूस जमेल तशी प्रार्थना करतो आणि लोक आमेन म्हणतात. पौलालाही आमेनचीच काळजी आहे, न समजणारा माणूस तुमच्या प्रार्थनेला आमेन कसं म्हणणार, असं तो विचारतो. मावशीचं आम्हाला सगळं समजत होतं. तिच्या प्रार्थनेला आमेन झालंच नाही.

आता कागदावर मध्यस्थीनंतर मी चार ओळी कोऱ्या सोडतो. मागच्या महिन्यात एक गृहस्थ उठले आणि अकरा मिनिटं बोलले, अर्धं स्वतःच्या घरबांधणीचं. मागे लेकरं रडायला लागली, एक तरुण मुलगी कधीची उठू की नको करत होती, ती शेवटी बसूनच राहिली. त्यांना थांबवायला हवं होतं का? ३० व्या वचनाप्रमाणे, हो. पेटीवाला माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली.