काश्यपीला गळ घेऊन निघालात? आधी गाळाचं वाचा

‘गाडी थेट पाण्यापर्यंत जाते, गळ टाकला की रोहू.’ नाशिकजवळच्या काश्यपी धरणाबद्दल आम्हाला हे सांगून पाठवलं होतं. एप्रिल-मेमध्ये यातलं एकही खरं नाही. सांगणाऱ्यांनी धरण पाहिलेलं असतं दिवाळीच्या आसपास, काठोकाठ भरलेलं, आणि मोबाइलवर फिरणारे फोटोही त्याच दिवसांतले.

रस्त्याची तक्रार नाही. गंगापूर रोडने दुगाव, गिरणारे, मग हरसूलच्या रस्त्याला धोंडेगाव. त्रास पुढे आहे.

काश्यपीची क्षमता 1852 दशलक्ष घनफूट, गंगापूर धरणाच्या (5630) जेमतेम एक तृतीयांश. उन्हाळ्यात गंगापूरची पातळी उतरली की वरून काश्यपीचं पाणी खाली सोडतात, कारण नाशिक शहराचे नळ मुख्यतः गंगापूरवर चालतात. त्यामुळे इथला काठ आठवड्याआठवड्याला मागे सरकतो आणि मध्ये उरतो गाळाचा रुंद पट्टा. वरून तो वाळलेला दिसतो, पापडासारखा. पाय ठेवला की पापडी मोडते आणि खाली चिकट काळा चिखल. माझा मित्र पाण्यापासून वीसेक पावलांवर मांडीपर्यंत रुतला. ओढून काढायला गेलो तर माझेही पाय खाली जायला लागले. म्हशी घेऊन आलेल्या एका बाबांनी लांबूनच ओरडून मला थांबवलं, बाभळीच्या फांद्या तोडून आडव्या टाकल्या आणि मित्राला मागे रेलायला लावलं. पाय हळूहळू हलवत, एकेक करत तो सुटला. एक गमबूट आतच राहिला. उन्हात हे सगळं होईपर्यंत अंगातलं त्राण गेलं होतं, आणि त्या बाबांनी आमच्याकडून पाण्याच्या बाटलीशिवाय काही घेतलं नाही.

म्हणून नीट सांगतो. रुंद भेगा पडून फिकट झालेल्या गाळात बहुतेक वेळा पाय रुतत नाही, तरी पुढे काठी टोचूनच चाला. गडद, चकाकणारा, एकसंध दिसणारा गाळ असेल तर पाणी कितीही जवळ दिसो, मागे फिरा. गुरं ज्या वाटेने पाण्यावर उतरतात तीच वाट धरा. म्हशीचं वजन पेलणारी जमीन बहुतेक तुमचंही पेलते. गमबूट नकोत, ते आत भरतात आणि गाळ ते सोडत नाही. नाडीचे जुने बूट घट्ट बांधा. रुतलात तर झटके देऊ नका, मागे रेला आणि वजन पसरू द्या. एकट्याने जाऊच नका.

आणि गाळपेरीतून चालू नका. पाणी हटलं की लोक त्या ओलीवर पीक घेतात. याच धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या लोकांचा हा भाग आहे. आम्ही चार मासे धरायला येणारे. बांधावरून वळसा घातला तर काही बिघडत नाही.

पैशांचं. काठावर एकाने गळ टाकायचे माणशी 500 मागितले. पावती मागितली तर 300, पुन्हा मागितली तर ‘जाऊ द्या, 100 द्या’. आम्ही काहीच दिलं नाही. धरणांमधली मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेली असते. बीज टाकायचा खर्च त्यांचा, मासाही त्यांचा. तेव्हा आदल्या दिवशी गावात चौकशी करा, संस्थेच्या माणसाची परवानगी घ्या, पैसे असतील तर भरा आणि पावती घ्या. पावती नाही तर पैसे नाहीत.

आता रोहू. साचलेल्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ नैसर्गिकरीत्या अंडी घालत नाहीत, त्यासाठी त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागते, आणि मोठे झालेले मासे संस्थेच्या जाळ्यात जातात. काठावरच्या गळाला लागते ती चिलापी (तिलापिया). त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, ताजी चिलापी तळून उत्तम लागते. बारीक गळ, पातळ तंगूस (नायलॉनचा दोरा), उकिरड्यातलं गांडूळ, आणि उजाडायच्या आत काठावर. ऊन चढलं की मासा खोल जातो आणि तुम्ही नुसते भाजता. मृगळाची आशा असेल तर कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून गोळी तळाला बसवा. तो तळाशी खातो. कटल्याच्या मागे लागू नका, तो वरच्या थरातलं सूक्ष्म खाद्य खाणारा, तुमच्या गांडुळाकडे बघणार नाही.

भिंतीच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवर, बसून गळ टाकणारे दिसतील. तुम्ही बसू नका. शेवाळलेले दगड आणि खाली एकदम खोल पाणी.

नांदूरमध्यमेश्वरला गळ घेऊन जायचा विचार असेल तर तो सोडा. ते पक्षी अभयारण्य आहे, आणि रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे फक्त दुर्बीण न्या.

माझं मत विचाराल तर काश्यपी दिवाळी ते जानेवारी. तेव्हा पाणी मुरमाड काठाला टेकलेलं असतं आणि गाळ पाण्याखाली असतो. मार्चनंतर मी कुणालाही पाठवणार नाही. फक्त दिवाळीच्या आसपास गेलात तर गिरणाऱ्यात टोमॅटोचा बाजार चालू असू शकतो. संध्याकाळी पिकअप आणि ट्रकमुळे रस्ता तुंबतो, त्याआधी तिथून निघा.