मेपलच्या गाठी

मुरांबा साखरला की आजी हळहळायची. बरणीच्या तळाशी साखरेचे खडे जमले म्हणजे पाक चुकला. म्हणून पाकात ती न चुकता लिंबू पिळायची. ‘लिंबू पिळलं की पाक बसत नाही,’ एवढंच ती सांगायची. मेपल या झाडाच्या रसाच्या पाकाची कँडी करायची म्हणजे नेमकं उलटं काम. इथे पाक साखरायलाच हवा, पण आपण म्हणू तेव्हा आणि आपण म्हणू तितकाच. हे कळायला मला एक अख्खा पाडवा वाया घालवावा लागला.

मी कोल्हापूरकडची, आता राहायला अमेरिकेत व्हरमाँटमध्ये. इथे पाडव्याच्या दिवसांत अंगणात अजून बर्फ असतो. गुढी उभारायला काठी मिळते, साडी असते, तांब्या असतो. कडुलिंबाची पूड सुटीत गेले की घेऊन येते. गाठी मात्र कधीच धड आली नाही. दोनदा बॅगेत घालून आणली, दोन्ही वेळा तिचा चुरा झाला. साखरेच्या गाठीशिवाय गुढी मला ओकीबोकी वाटते.

आमच्या शेजाऱ्यांचं स्वतःचं शुगरहाउस, म्हणजे मेपलचा रस आटवायची खोप, आहे. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर ऊन, असे दिवस लागले की शुगर मेपलच्या खोडातून रस ठिबकायला लागतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, साधारण महिना-सव्वा महिना. रस अगदी पाण्यासारखा, त्यात साखर जेमतेम दोन टक्के. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप होतं. मी पहिल्यांदा आत गेले ती रात्र होती. वाफेने छप्पर दिसत नव्हतं, भट्टीत ओंडके धडाडत होते, आणि ते शेजारी आटणाऱ्या रसाकडे टक लावून उभे होते. फेस वर चढला की लोण्याचा एवढासा तुकडा टाकायचे, फेस क्षणात खाली. मला गुऱ्हाळ आठवलं. काहिलीखाली जळणारी चिपाडं, मळी धरायला टाकलेलं रानभेंडीचं पाणी, आणि उलथण्यावरून पडणारी धार बघून ‘आता उतरवा’ म्हणणारा गुळव्या. त्यांनी कपात कोमट सिरप दिलं. चव वेगळी, धुराची आणि लाकडाची, पण जात काकवीचीच.

या भागातले मूळ रहिवासी अबेनाकी लोक. युरोपातले लोक यायच्या कितीतरी आधीपासून ते मेपलचा रस आटवत आले आहेत. पूर्वी रस आटवून आटवून त्याची साखरच करत, कारण कोरडी साखर वर्षभर टिकते आणि नेता-आणता येते. मेपलच्या साखरेच्या वड्या लाकडी साच्यात पाडायची रीत कॅनडातल्या क्यूबेकमध्येही जुनी आहे. हृदय, पानं, बीव्हर हा तिथला प्राणी, असे कोरलेले साचे. हे कळल्यावर माझ्या मनाने घेतलं की आपली गाठी याच साखरेची करायची. कोल्हापुरात गेले तेव्हा एका हलवायाकडून सागवानी साचा मिळवला. पाच पदकांचा, मधोमध दोऱ्यासाठी खाच.

२०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता. आदल्या दिवशी सोमवती अमावस्या, आणि आमच्या भागात खग्रास सूर्यग्रहण. भर दुपारी साडेतीनच्या सुमारास काळोख पडला, पाखरं गप्प झाली, आम्ही सगळे रस्त्यावर उभे. त्या संध्याकाळी मी पातेलं चढवलं. शेजाऱ्यांनी हंगामाच्या शेवटच्या उकळीची बाटली दिली होती, काळपट, दाट, कॉफीच्या रंगाची. मला तीच सगळ्यात चांगली वाटली, कारण चव सगळ्यात जोरकस होती. पाक शिजवला, गार केला, ढवळला. वीस मिनिटं ढवळला, हात भरून आले. तो टॉफीसारखा चिकट राहिला, साखरेचा कण धरेना. साच्यात ओतला तो तसाच बसून राहिला, सकाळी दोऱ्याला लोंबत खाली आला. लेक गुढीसमोर उभी राहून म्हणाली, ‘आई, गाठी रडतेय.’ त्या वर्षी गुढी गाठीशिवायच उभी राहिली.

शेजाऱ्यांनी बाटलीचा रंग बघूनच कारण सांगितलं. हंगाम सरत आला, दिवस उबदार झाले की रसात सूक्ष्मजीव वाढतात आणि साखरेचे दोन तुकडे पाडतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. सिरप त्यानेच काळं होतं, आणि हे तुकडे साखरेला स्फटिक धरू देत नाहीत. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आजी आणि तिचं अर्धं लिंबू. आंबट टाकून तीही उकळत्या पाकात हेच करत होती. शेवटच्या सिरपात लिंबू आधीच पिळून ठेवलेलं होतं म्हणा ना. कँडीला हवं हंगामाच्या सुरुवातीचं, फिकट सोनेरी सिरप. इथे बाटलीवर ‘गोल्डन’ लिहिलेलं असतं. काळपट सिरप भाकरीशी खावं, पोह्यांच्या चिवड्याला लावावं, कँडीला वापरू नये.

पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, पहिल्या उकळीचे दोन कप सिरप मी बाजूला ठेवले. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आधी साचा पाण्यात भिजत टाकला, कोरड्या लाकडाला साखर चिकटते. मग थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला. आमचं घर डोंगरावर, पाणी ९९ अंशाला उकळतं. कँडीचा पाक त्याच्या १८ अंश वर न्यायचा, म्हणजे आमच्याकडे ११७. थर्मामीटर नसला तर गार पाण्यात थेंब टाकून बघा, बोटांत धरल्यावर दाबली जाते पण मोडत नाही अशी गोळी झाली पाहिजे. आपला गोळीबंद पाक, जरा घट्ट बाजूचा. पातेलं खोल घ्या, सिरप तिप्पट-चौपट वर येतं. हरभऱ्याएवढं लोणी टाकलं की बसतं.

आणि मग सगळ्यात अवघड भाग. गॅस बंद करून पाकाला हात लावायचा नाही. चमचा नाही, पातेलं हलवणं नाही, कडेला चिकटलेलं खरवडणं नाही. गरम असताना ढवळलं तर मोठे खडे धरतात आणि कँडी जिभेला वाळूसारखी लागते. ९० अंशांपर्यंत उतरू द्यायचं. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, म्हणजे हात शिवशिवणार नाहीत. बाहेर पागोळ्या ठिबकत होत्या.

मग लाकडी चमच्याने ढवळायला घेतलं. आधी पाक काचेसारखा पारदर्शक, मध्येच धार जड होते, चकाकी जाते, रंग उतरतो आणि पाक दुधाळ होतो. तो क्षण आला की थांबायचं नाही आणि रेंगाळायचंही नाही, पळभरात पातेल्यातच दगड होतो. साच्याच्या दोन्ही फळ्या मी बांधल्या नाहीत. एकच फळी उताणी ठेवली, खाचेत दोरा घातला आणि ओतलं. लेक चमच्याने पदकं भरत होती. अर्ध्या तासाने फळी उलटून मागून थोपटली. पाचही पदकं दोऱ्यासकट सुटली. गाठी पांढरी नव्हती, साईच्या चहासारख्या रंगाची होती, पण नक्षी उठून आली होती. दोन कपांतून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास कँडी झाली. उरलेल्या वड्या शेजाऱ्यांकडे गेल्या.

३० मार्चला रविवार होता. बर्फ बाजूला सारून मागच्या डेकवर गुढी बांधली. शेजारी काठी टेकत आले, गाठीकडे बराच वेळ बघत राहिले आणि दोरा आतून कसा गेला ते विचारलं. मी त्यांना साचा हातात दिला. बोटाने खाच चाचपत ते म्हणाले, की त्यांच्या आजोबांकडेही असा एक होता, हृदयांचा, पण त्यात दोऱ्याची सोय नव्हती. संध्याकाळी गुढी उतरवली तेव्हा लेकीने गाठी गळ्यात घातली आणि झोपेपर्यंत काढली नाही. सकाळी मोजली तर पदकं तीनच उरली होती.

साचा धुऊन, सावलीत वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. पहिल्या उकळीची एक बाटली फ्रीझरमध्ये आहे, लेबलावर लेकीने ‘गाठी, हात लावू नका’ असं लिहिलंय. त्यानंतरचा, २०२६ चा पाडवा १९ मार्चला, म्हणजे ऐन हंगामात.